ओल्या हळदीचं कांडं

काल सुरतेच्या बाजारात ओल्या हळदीचं कांडं मोडून हुंगलं आणि कळमनुरीकडच्या आमच्या गावातली एक दुपार आठवली. त्याच वर्षी सातवीतून माझी शाळा सुटली होती.

देवळापुढच्या मांडवात बाहेरगावचे महाराज सांगत होते, "हळद शिजल्यावर पिवळी होते, तसा माणूस दुःखात शिजून देवाचा होतो."

मी सकाळभर हळद काढून आलेली. पटकन बोलून गेले, "न्हाई जी, कच्चीबी पिवळीच असती!"

माझे वडील, आबा, खेकसले, "काहून मधी बोलतीस? शाळा सोडलेली पोरगी महाराजाला शिकवती व्हय?"

महाराज म्हणाले, "दाखव, बाई."

मी ओच्यातलं कांडं मोडलं. उन्हात आतला केशरी रंग लखलखला. महाराज खाली उतरले, तो तुकडा कपाळाला लावून देवापुढं आडवे झाले. "देवा, रंग तू आधीच भरला होतास. मला ठाऊक नव्हतं."

महाराज माझ्यामुळं मातीत आडवे झाले, आता मला पाप लागेल म्हणून मी रडत होते.

इथं सुरतेत चार शिकलेल्यांत तोंड उघडायला मी अजून भिते. पण खरा शिकलेला माणूस मी त्या दुपारी पाहिलाय, माझ्यासमोर, मातीत कपाळ टेकलेला.