एका खाटेचे दोघे

बाळांनो, फुटपाथवर झोपणाऱ्यांना हटवा, असा अर्ज आमच्या सोसायटीने केला. त्यावर आजीने सही का केली नाही, असं तुम्ही परवा विचारलंत. फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहिते. टाळेबंदीतली ती दुपार माझ्या मनातून कधी गेलीच नाही.

तेव्हा मी सुरतेत, यंत्रमागांच्या वस्तीतलं पोलीस ठाणं सांभाळत होते. एरवी चहाच्या गाड्या, टेम्पो आणि बाहेर टाकलेल्या खाटांतून जीप पुढे सरकत नसे. आता रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. त्यामुळे कारखान्यांसमोरच्या इमारतीतल्या एका बाईंना एकटा माणूस लगेच दिसला. त्यांनी फोन केला, की पहार घेऊन कोणीतरी बंद कारखान्यांच्या गल्लीत शिरलाय.

आम्ही पोहोचलो तेव्हा तो बाहेर पडत होता. खानदेशातला माग कामगार. झडतीत पहार, एक तुटलेलं कुलूप आणि एक किल्ली मिळाली. गल्लीतल्या सगळ्या शटरांना मात्र कुलपं होती. किल्ली आपल्या खोलीची आहे, एवढंच तो म्हणाला.

चौकशी ठाण्याच्या व्हरांड्यात, अंतर ठेवून. मास्कमुळे चेहरा वाचता येईना, म्हणून मी हात पाहत होते. त्याला पाण्याची बाटली दिली. तो प्यायला नाही, आणि बाटली सोडतही नव्हता. हवालदार चोरीचा गुन्हा दाखल करायच्या तयारीत होते. मी त्यांना थांबवलं आणि त्याची खोली पाहायला गेले.

खोलीत माणसं दाटीवाटीने बसली होती. दाराला कुलूप तर नव्हतंच, कडीही मोडलेली.

"कुलूप कशाला लागेल, मॅडम?" एकजण म्हणाला. "दिवसपाळीवाले कामावर गेले की रातपाळीवाले झोपतात. खोली कधी रिकामीच नसते. एका खाटेचे दोघे, नवरा-बायकोसारखे. फक्त भेट होत नाही."

माग थांबले आणि दोन्ही पाळ्या एकदम घरी आल्या. बाहेर झोपायला बंदी होती. पकडलेल्याच्या खाटेवरचा दुसरा माणूस कुठे आहे, असं मी विचारलं. मग कोणीतरी पुटपुटलं, की गावाला गेला. त्याची चप्पल दाराशीच होती.

खोलीला कुलूप नव्हतं; म्हणजे ही किल्ली तुटलेल्या कुलपाच्या जागी लावलेल्या दुसऱ्या कुलपाची. मी परत येऊन ती त्याच्यासमोर ठेवली.

"तुझा जोडीदार कोणत्या कारखान्यात आहे?"

तो बाटलीकडे पाहत राहिला. तापाच्या माणसाला गाडी नेते आणि तो पुन्हा दिसत नाही, अशी वस्तीत धास्ती होती. बाहेर ऊन रणरणत होतं आणि कारखान्यांवर पत्रे होते.

"तू त्याच्याजवळ राहिलायस. नियमाने तुलाही त्याच्यासोबत विलगीकरण केंद्रात ठेवावं लागेल. दोघं एकाच गाडीतून जाल."

तेव्हा तो उठला. "चौथं शटर, मॅडम. त्यानाजोडे पानी बी नही." त्याच्याजवळ पाणीसुद्धा नव्हतं.

शटर वर केलं तेव्हा आतून भट्टीसारखी झळ आली. दोन मागांच्या मधल्या बोळात तो निपचित पडला होता. ओठ फुटले होते, पण श्वास चालू होता. माझ्या आधी बाटली आत गेली.

कारखान्याच्या मालकाने तक्रार दिली नाही. त्यानंतर कोणालाही 'घरात जा' म्हणण्याआधी मी त्याचं घर बघू लागले. काहींच्या घराचा अर्धा भाग रस्त्यावरच असतो.

तो आजारी जोडीदार वाचला. आता सुरतेजवळ कडोदऱ्याला माग चालवतो. जिना चढताना धाप लागते, पण दिवसपाळी पुरी करतो.