चातुर्मासातला कांदा

दुपारची जेवणं आटोपली आहेत. जपाची माळ हातात घेऊन मी आडवी होते. डोळा लागतोय न लागतोय, तोच झांजा ऐकू येतात आणि मी राममंदिराच्या मंडपात सतरंजीवर बसलेली असते. कीर्तनाचा पूर्वरंग संपलाय, बुवांना हार घालतायत. माझ्या शेजारी अक्का. माझ्या थोरल्या जाऊबाई. त्यांना जाऊन अजून वर्षही झालेलं नाही.

"शरयू, बुवांचा आवाज आज बसलाय," त्या म्हणतात. "आल्याचा चहा नि गुळाचा शिरा हवा होता त्यांना."

अक्कांचं जन्मभर असंच. राग आला की ठेचा कुटायच्या, उदास वाटलं की मऊ भात नि मेतकूट. आख्यानात सीतामाईला वनात सोडलं की घरी येऊन पिठलंच टाकायच्या; आज गोड घशाखाली उतरायचं नाही म्हणायच्या.

"आणि तुम्हाला काय हवंय?" मी विचारते.

"तुला माहीत आहे."

माहीत आहे. शेवटच्या आजारात आठ दिवस त्या अन्नाला शिवल्या नव्हत्या. एका संध्याकाळी म्हणाल्या, कांद्याचं थालीपीठ खावंसं वाटतंय गं. आमच्याकडे चातुर्मास कडक, कांदा घरात यायचाच नाही. मी म्हटलं, कार्तिकी होऊ द्या अक्का, पहिलं थालीपीठ तुमचं. त्या हसल्या. चौथ्या दिवशी गेल्या. तेव्हापासून माझ्या जिभेला चव नाही. सून विचारते, काय करू? मी म्हणते, काहीही कर.

सतरंजी संपते तिथे आमचा ओटा आहे. अक्का पिठात कांदा मळतायत. बुवा फ्रिजला टेकून आख्यान लावतायत आणि कुणालाच त्याचं काही वाटत नाही.

"अक्का, माझं चुकलं."

"चुकलंच. नेम तुझा होता, भूक माझी होती."

"देवाला काय सांगू?"

"त्याला काय सांगायचंय? मी मागितलं तेव्हा तो इथेच होता की, देव्हाऱ्यात. तू त्याच्याकडे बघितलंस, माझ्याकडे नाही." त्या थालीपीठ तव्यावर टाकतात, भोकांतून तेल सोडतात. "ते राहू दे. तुला काय खावंसं वाटतंय?"

"मला काही नको."

"एवढी कीर्तनं ऐकलीस, आणि खोटं बोलतेस?"

कांदा खरपूस होत आलाय. वास नाकातून थेट पोटात उतरतो.

"अक्का, मलापण..." म्हणते, आणि डोळे उघडतात.

दारात मृणाल, माझी सून. तिची नजर उशीवर. तिथे तळहाताएवढा ओला डाग.

"आई, रडलात?"

मी गाल चाचपते. कोरडे आहेत. ओठाचा कोपरा आणि हनुवटी मात्र ओली.

"नाही गं. तोंडाला पाणी सुटलं होतं. भाजीवालीकडून पावशेर कांदे आण."

"चातुर्मासात?"

"हो. आणि तुला काय खावंसं वाटतंय, तेही सांग."

उशीचा अभ्रा काढता काढता ती थांबते. हे मी तिला आजवर कधी विचारलंच नव्हतं.