चार कोपऱ्यांतलं गाणं

"माझ्या मागून येऊ नका! माझ्या मागूनच यायचं असेल तर सरळ घरी जा."

सर ओरडत होते आणि आम्ही आठ जण माना खाली घालून उभे होतो. आम्ही भजनी मंडळातली माणसं. पुढच्याने ओळ टाकली की सगळ्यांनी मिळून ती उचलायची, हे आमच्या रक्तातलं. सरांना हवं होतं भलतंच: चार आवाज, चार वेगळ्या चालींत, एकाच वेळी. आम्ही पडलो सभ्य. एक आवाज वर गेला की शेजारधर्म म्हणून बाकीचे त्याच्या मागे.

सर पावरलूमच्या कारखान्यात तीस वर्षं सुपरवायझर. शिकवलं कुणालाच नाही, तरी अख्खी भिवंडी त्यांना सर म्हणे. कारखान्यातली मांजरंसुद्धा म्हणत असावीत. साडेचारशे वर्षांपूर्वी रोममध्ये चर्चसाठी गाणी बांधणारा एक संगीतकार त्यांना भंगारातल्या कॅसेटवर भेटला, आणि त्या दिवसापासून तो 'आमचे बुवा' झाला.

कुणी घरचं रडगाणं लावलं की सर म्हणत, "आमच्या बुवांचं बघा. भाऊ गेला, दोन मुलं गेली, बायको गेली. प्लेगची साथच तशी होती. माणूस पाद्री व्हायला निघाला, अर्धा झालासुद्धा. आणि मग फरच्या व्यापाऱ्याच्या विधवेशी लग्न करून मोकळा. दिवसा फरचा धंदा, उरलेल्या वेळात देवाचं गाणं."

"म्हणजे भिवंडीचाच की," मी एकदा म्हणालो. सर आठवडाभर खूश होते.

तुम्हीही असा एखादा झपाटलेला पाहिला असेल. पण आमच्या सरांना घाई होती. लूमच्या खडखडाटात डावा कान गेलेला, आणि उजवाही फार दिवसांचा नाही, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. तो आहे तोवर बुवांचं एक गाणं समोरच्या जिवंत माणसांकडून ऐकायचं होतं. शब्द दोनच, परक्या भाषेतले, सरांनी देवनागरीत लिहून दिलेले. अर्थ इतकाच, की देवा, दया कर. तेवढं म्हणायला बुवा चार मिनिटं घेतात.

शेवटी सरांनी आम्हाला चालू कारखान्यात नेलं. चाळीस लूम धडधडतायत आणि चार कोपऱ्यांत आम्ही दोघं दोघं. शेजारच्याचं सोडा, स्वतःचंही ऐकू येईना. मधे उभे राहून सर हाताने ताल देत. कारागीर म्हणाले, "सर का दिमाग गया." महिनाभर आम्ही असे गायलो.

खालचा आवाज काळूरामचा. अंबाडी गावाकडचा, पावसाळ्यात शेती, एरवी वळ गावच्या गोदामात हमाली. त्याने खर्ज लावला की कशेळीच्या पुलावर ट्रक थांबत. तिथे ते एरवीही थांबलेलेच असतात, ही गोष्ट वेगळी.

आता सर नाशिकला लेकीकडे असतात. फोन घेत नाहीत, ऐकूच येत नाही. मोठ्या अक्षरांत पत्रं पाठवतात, मजेत आहेत. मला आठवतो तो सुट्टीचा शुक्रवार. लूम बंद, कारखाना गप्प. सर मधोमध स्टुलावर, उजवा कान पुढे. आम्ही सुरू केलं, आणि महिन्याभरात पहिल्यांदाच एकमेकांचं ऐकू आलं. माझा सूर पहिल्या आवाजाकडे घसरायलाच लागला होता. पण समोर काळूराम भिंतीकडे बघत, कुणाचीही पर्वा न करता चालला होता. त्याच्याकडे बघून मीही माझ्या चालीवर परतलो. चारही आवाज शेवटपर्यंत टिकले.

सर स्टुलावरून उठले. मग डोळे पुसत काळूरामकडे गेले. "काळूराम, ऐकलंस? चारही आवाज वेगळे, आणि तरी एकच गाणं. ऐकलंस ना रे?"

"न्हाय बा," काळूराम म्हणाला. "मी माजाच गात व्हतो."