ळ कोणाचा?

माझे मेहुणे पस्तीस वर्षे एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. दुसऱ्याच्या चुका लाल पेन्सिलीने खोडण्याचे हे काम त्यांनी निवृत्तीनंतर घरी सुरू ठेवले. मला ते कधीच आवडले नाहीत.

गेल्या रविवारी त्यांची पाच वर्षांची नात पुठ्ठ्यावर अक्षरे चिकटवत होती. कापसाचा क, बटणांचा ब, दोऱ्याचा द. सर्वांत देखणा झाला होता लाल लोकरीच्या दोन वेटोळ्यांचा ळ. तो पुठ्ठ्यावर न चिकटवता तिला खोलीच्या दारावर लावायचा होता.

मेहुण्यांनी तो उचलून कचऱ्याच्या टोपलीत टाकला. "ळने एकही शब्द सुरू होत नाही. निरुपयोगी अक्षर! दुसरं कर."

"पण तो माझा आहे," नात रडवेली होऊन म्हणाली.

माझी ताई स्वयंपाकघरातून तरातरा आली. "तुमच्यापासून तरी या घरात काय सुरू होतं हो? प्रत्येक गोष्टीचा शेवट करायला तेवढे पुढे!"

"मध्ये बोलू नकोस. तुला काय कळतं?"

"'कळतं'मध्येही ळ आहे. तोही टाका टोपलीत!"

तेवढ्यात नातीने टोपलीतला ळ काढला, मागे भरपूर गोंद फासला आणि मेहुण्यांच्या पेन्सिलींच्या डब्यावर दाबून बसवला.

"क कापसाचा," ती म्हणाली, "आणि ळ आजोबांचा."

संध्याकाळी त्यांनी तो नखाने खरवडला. लोकर निघाली, पण तिच्याखालचा डब्याचा रंगही त्याच आकारात निघाला. आता लाल पेन्सिलीला हात घातला की त्यांना आधी ळ दिसतो.