छान टाकी आहे, ग्लेनिस

हे मी लिहिणारच नव्हते. उद्या कॉलेजात निबंध द्यायचाय, त्याचं पहिलं पानसुद्धा झालेलं नाही, आणि ग्लेनिसला कळलं तर ती म्हणेल, "पेट्रोलच्या टाकीबद्दल कोण वाचणार गं, वेडी का तू?" पण राहवत नाहीये. मी तिच्या घरात वरच्या खोलीत भाड्याने राहते, त्यामुळे यातलं निम्मं स्वतः बघितलंय आणि उरलेलं तिनेच रंगवून रंगवून सांगितलंय. तर लिहूनच टाकते.

ग्लेनिस ट्रँटरची सगळी नोकरी इथे इंग्लंडमध्ये, लडलो गावच्या शाळेच्या स्वयंपाकघरात गेली. अख्ख्या गावाने तिच्या हातचं कस्टर्ड खाल्लंय, त्यामुळे टक्कल पडलेले बाप्येसुद्धा तिच्यासमोर आले की जरा रांगेत उभे राहिल्यासारखे होतात. ती निवृत्त झाली तेव्हा सगळ्यांना वाटलं, बाई आता गुलाब लावणार. बाईंनी जुनी, हिरवी, दोघांपुरती स्पोर्ट्‌स कार आणली, टप मागे पाडायचं आणि वारा खात सुटायचं अशी.

नवरा लेन गाडीभोवती फिरून म्हणाला, "अगं, यात सामान कुठे ठेवायचं?"

"सामान न्यायचंय कुणाला?"

तिला फिरवायला न्यायचं होतं ऑड्रीला. ऑड्री म्हणजे शाळेतली तिची जोडीदारीण. दोघी एकाच पातेल्यात डाव घालत म्हाताऱ्या झाल्या. मग ऑड्री वेल्समध्ये समुद्राकाठी बोर्थला जाऊन राहिली, आणि ग्लेनिसने तिला शब्द दिला, "टप पाडून येते, तुला किनाऱ्याने फिरवते, आणि चिप्स खाऊ."

गाडी आली आणि टाकी गळायला लागली. या गाडीची टाकी डिकीच्या खाली लटकते. वरच्या अंगाला चिखलपाणी साचतं आणि तिथूनच ती गंजत जाते. म्हणजे पेट्रोल कमी भरलं तर सगळं ठीक, जास्त भरलं की धार. मग ग्लेनिस पाऊणच टाकी भरायला लागली. पुढे अर्धी. पुढे पाव. चढावर तर तेवढंही ठिबकायचं, लेन खाली पुडिंगचा ट्रे सरकवून ठेवायचा. आणि लडलोहून बोर्थला जायचं तर मधे नुसते डोंगर. दर वर्षी फोनवर तेच, "पुढच्या उन्हाळ्यात नक्की हं."

मग एका सोमवारी ऑड्रीचाच फोन आला.

"माझा खुबा बदलतायत. पुढच्या सोमवारी."

"बरं झालं बाई एकदाचं."

"बरं काय झालं? डॉक्टर म्हणतो, नंतर खाली वाकून बसायचं नाही, खुर्चीसुद्धा उंच घ्या. तुझी गाडी म्हणजे रस्त्यावर बसकण मारल्यासारखी. या रविवारपर्यंत आलीस तर बसेन. नाहीतर राहिलंच आपलं."

ग्लेनिसने फोन ठेवला आणि त्याच पावली नवीन टाकी मागवली. गाडीचं नाव सांगितलं, साल कोण सांगत बसतंय.

बुधवारी खोका आला. लगेच बघायला नॉर्मन आणि ट्रेवर हजर, गावातल्या जुन्या गाड्यांच्या मंडळातले दोघे. कुणाच्याही गाडीचं काहीही निघालं की हे आपापल्या घडीच्या खुर्च्या आणि आपापले मग घेऊन येतात. ग्लेनिसने खोका उघडला. काळी कुळकुळीत, चकचकीत टाकी.

"सुंदर," ट्रेवर म्हणाला.

नॉर्मनने खूप वेळ आपल्या चहात बघितलं. "छान टाकी आहे, ग्लेनिस."

या लोकांत राहिलं की कळतं, चहात बघत कुणी छान म्हणालं की समजायचं काहीतरी घोटाळा आहे. ग्लेनिसला हे माझ्यापेक्षा जास्त कळतं. पण ती आनंदात होती ना, आनंदात माणसाला काय कळतंय.

शनिवारी सकाळी अंगणात काम काढलं, नॉर्मन आणि ट्रेवर खुर्च्या टाकून होतेच. बॅटरीची तार सोडवली, पेट्रोल डब्यांत काढलं, ट्रेवरला तोंडातला पाइप विझवायला लावला. गाडीची मागची बाजू उचलून लोखंडी घोड्यांवर, म्हणजे स्टँडवर ठेवली आणि लेनचा जुना कोट घालून ग्लेनिस खाली शिरली. लेनने मदतीला हात घातला तर आतून आवाज आला, "तू पाने दे फक्त." टाकी दोन पट्ट्यांवर टांगलेली होती. एका पट्ट्याचा नट पटकन सुटला, दुसरा हलेना.

"तेल सोड अजून," ट्रेवर खुर्चीतून म्हणाला.

"तू ये आणि सोड."

"मला इथूनच बरं दिसतंय."

शेवटी करकर करत नट फिरला आणि टाकी खाली आली ती थेट ग्लेनिसच्या पोटावर. बाहेर निघाली तेव्हा तिच्या पांढऱ्या केसांत सगळा गंज. टाकीचा वरचा पत्रा म्हणजे चाळणी. "बघ लेन, यातून पीठ चाळता येईल," म्हणाली आणि हसत सुटली. मग नवी टाकी वर धरली.

बसेना.

फिरवून धरली. बसेना. नव्या टाकीला चहूबाजूंनी बाहेर काढलेली कड, कडेला बोल्टची भोकं. आणि गाडीला बोल्ट बसवायला भोकच नाही, तिथे आपले दोन पट्टे लोंबतायत. ही टाकी नंतरच्या सालच्या गाड्यांची होती.

ग्लेनिस सरपटत बाहेर आली. तिघांकडे बघितलं.

"कुणाला माहीत होतं?"

ट्रेवर म्हणाला, "कसं सांगणार गं? तू एवढी खूश होतीस."

"नॉर्मन?"

"खोका उघडला तेव्हाच दिसलं. पण म्हटलं, तुझ्या डोक्यात काहीतरी वेगळं असेल."

"टाकीला भोकं आहेत, गाडीला नाहीत. माझ्या डोक्यात काय असणार नॉर्मन, विणकाम?" मग ती लेनकडे वळली. "आणि तू?"

"आईशपथ, मला काहीच माहीत नव्हतं."

"हे मात्र पटतं मला. तुला कधीच काही माहीत नसतं."

लेनला हसू आलं होतं, त्याने ते गिळलं. कारण ग्लेनिस अंगणाच्या पायरीवर बसली होती आणि हाताच्या मागच्या बाजूने डोळे पुसत होती, त्यामुळे गालावर गंजाचा पट्टा ओढला गेला. "मेली ऑड्री तिकडे केस सेट करून बसली असेल," एवढंच म्हणाली. सोमवारपर्यंत कुठलं दुकान टाकी देणार नव्हतं, आणि सोमवारी ऑड्री ऑपरेशनच्या टेबलावर.

आता एक सांगायला हवं. नॉर्मनच्या शेडमध्ये अशीच एक गाडी आहे, ग्लेनिसच्याच सालची. तो निवृत्त झाल्यापासून ती जोडतोय. सगळे भाग नवे आणून कापडात गुंडाळून ठेवलेत. गाडी काही होत नाही. ती कधी होणार, हे नॉर्मनला विचारायचं नाही, असा मंडळाचा न बोललेला नियम आहे. आपण कुणाचा पगार विचारत नाही ना, तसं. गाडीचं नाव निघालं की सगळे पावसाबद्दल बोलायला लागतात.

ग्लेनिसने मान वर केली. "नॉर्मन, तुझ्याकडे आहे ना टाकी?"

ट्रेवरने घाईघाईने आभाळाकडे बघितलं. "दुपारून येईल बहुतेक पाऊस."

"गप रे. नॉर्मन, आहे ना?"

"आहे."

"देतोस का?"

नॉर्मन कानापर्यंत लाल झाला आणि उठून निघून गेला. लेन कुजबुजला, "दुखावलंस गं त्याला." "मग आता काय करू?" ती म्हणाली. पण तिचाही चेहरा उतरला.

तेवढ्यात नॉर्मन परत. हातात तान्हं बाळ आणावं तशी घोंगडीत गुंडाळलेली टाकी. इतक्या लवकर कशी आणली कुणाला कळेना.

"बुधवारपासून दाराशीच काढून ठेवलीय," तो म्हणाला. "तू मागायची वाट बघत होतो. आपणहून कशी देणार? तुला चूक काढल्यासारखं वाटलं असतं."

ग्लेनिसने कपाळावर हात मारला. "तुम्ही बाप्ये ना, सभ्यपणापायी मरणार एक दिवस." मग हळूच, "आणि तुझी गाडी रे?"

"तिला घाई नाहीये." नॉर्मनने घोंगडीची घडी घातली. "तिचं निदान काहीतरी रस्त्यावर जाऊ दे."

आणि त्याने चक्क मग खाली ठेवला, बाह्या सरसावल्या आणि खाली शिरला. ट्रेवरपण उठला. टाकी अशी बसली, जशी काही तिथेच जन्मली होती. टाकीच्या वर नवी रबरी पट्टी चिकटवली, पट्टे आवळले, नळी चढवली, तार जोडली. पेट्रोल पंपावर ग्लेनिसने पहिल्यांदा काठोकाठ टाकी भरली, आणि इस्त्रीची पँट घातलेला नॉर्मन तिथेच जमिनीवर उताणा झोपून खालून बघत राहिला. मागे गाड्यांची रांग. कुणी हॉर्न वाजवला नाही, कुणी विचारलंही नाही.

"कोरडी ठणठणीत," तो खालून म्हणाला.

रविवारी डोंगर चढताना ग्लेनिस गात होती म्हणे, बेसूर, आणि मागून व्हॅनमध्ये लेन आणि नॉर्मन पानेबिने घेऊन. काही लागलं नाही. बोर्थला ऑड्री डोक्याला रुमाल बांधून सकाळपासून दारात बसलेली.

"उशीर केलास."

"गप, बस आधी."

"अगं पण कशी?"

"आधी बूड टाक, मग पाय आण. फ्रीज आत घेतात तसं."

लेनने काखेतून धरलं, नॉर्मनने पाय उचलले, ऑड्री "अगं आई गं" करत, हसत हसत आत घसरली आणि बसली. मग दोघी किनाऱ्याने या टोकापासून त्या टोकापर्यंत गेल्या. कागदातल्या व्हिनेगर घातलेल्या चिप्स मांडीवर, एक सीगल पक्षी गाडीच्या मागे लागलेला, ऑड्रीचा रुमाल उडालेला, सेट केलेल्या केसांचं पार घरटं. परत दारात आल्या तेव्हा लेन आणि नॉर्मन तिला बाहेर काढायला बाह्या सरसावून उभे होते.

"हात लावू नका," ऑड्री म्हणाली. "एवढ्या कष्टाने बसलेय. ग्लेनिस, वळव गाडी."

अशा किती फेऱ्या झाल्या ते दोघींनाही सांगता येत नाही. ऑपरेशन छान झालं, ऑड्री आता उंच खुर्चीत बसून फोनवर सगळं पुन्हा पुन्हा सांगते आणि ग्लेनिस ते पहिल्यांदाच ऐकल्यासारखं ऐकते.

तुमचंही असं कुणीतरी असेलच, ज्याला पुढच्या उन्हाळ्यात नक्की म्हणून सांगून ठेवलंय. मेसेज नका करू. ते उठून बसू शकतायत, हसू शकतायत, तोवर या रविवारीच जाऊन भेटा त्यांना. प्लीज जा.