बहिणीचं लिव्हर आणि उजवा कौल

माझ्या पोटात जे लिव्हर आहे ते माझ्या धाकट्या बहिणीचं आहे. म्हणजे तिच्या लिव्हरचा मोठा तुकडा. माझं स्वतःचं कॅन्सरने नासलं होतं, ते मुंबईच्या डॉक्टरांनी अख्खं काढलं आणि तिचं बसवलं. बायकोला मधुमेह, मुलाचा रक्तगट जुळेना, बहीण जुळली. तिला विचारायला मी किहीमहून रेवदंड्याला तिच्या घरी गेलो, तेव्हा ती पडवीत सुपाऱ्या सोलत बसली होती. मी प्रस्तावना बरीच लांबवली. यकृत हा शरीरातला एकमेव असा अवयव, जो पुन्हा वाढतो, इथपर्यंत आलो होतो.

"दादा, कॉलेजात शिकवल्यासारखं नको करूस," ती म्हणाली. "किती कापतात ते सांग."

सांगितलं. तिने हातातली सुपारी सोलून टोपलीत टाकली आणि म्हणाली, "चालेल."

ऑपरेशन नीट झालं. आम्ही दोघं घरी आलो आणि माझ्या थट्टामस्करीला एक नवीन विषय मिळाला. अवेळी भूक लागली की मी बहिणीला फोन करायचो, "तुझ्या लिव्हरला जवळ्याची चटणी आठवतेय." पित्त झालं तर, "माल सदोष आहे, बदलून मिळेल का?" कुणी भेटायला आलं की तिच्यासमोरच सांगायचो, "गाडी माझी, इंजिन हिचं. बंद पडली तर हिला धरा." लोक हसायचे. तीही हसायची. ती हसते म्हणजे तिला आवडतं, एवढं माझं मानसशास्त्र.

काढून टाकलेलं लिव्हर कुणी फेकून देत नाही. त्याच्या चकत्या करून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. गाठी किती होत्या, केवढ्या होत्या, आतल्या बारीक रक्तवाहिन्यांत त्या शिरल्या होत्या का, रक्तातलं एएफपी नावाचं प्रथिन ऑपरेशनआधी किती होतं, या सगळ्याचे गुण मांडतात आणि कॅन्सर परत येईल का याचा अंदाज बांधतात. माझ्या एका वाहिनीत कॅन्सरच्या पेशी सापडल्या. कमी, मध्यम, जास्त यांतला माझा धोका मध्यम निघाला.

"मध्यम म्हणजे नक्की काय?" मी डॉक्टरांना विचारलं.

"म्हणजे तुमच्यासारख्या पुष्कळ लोकांचं काय झालं ते मला सांगता येतं," ते म्हणाले. "तुमचं एकट्याचं नाही."

मग त्यांनी एक गोष्ट समजावली. कॅन्सर परत आला तर तो जुन्या लिव्हरमधून आधीच निसटलेल्या पेशींचा येतो. त्या रक्तात जाऊन कुठेतरी दडून राहिलेल्या असतात. नव्या लिव्हरचा त्यात काही दोष नसतो. मला हे फार पटलं, आवडलंही. भाडेकरू बदलला तरी जुन्याची पत्रं येत राहावीत तसं काहीतरी, असं मनात एक वाक्यही तयार झालं.

बहीण बाहेर बाकावर माझी पिशवी धरून बसली होती. आत एकालाच सोडत होते. "काय म्हणाले?" तिने विचारलं.

"मध्यम."

"म्हणजे?"

"सेकंड क्लास. पास आहे."

एवढंच सांगितलं मी. वाक्य तयार होतं, पण ते मी पुढे मित्रांना ऐकवलं. तिला नाही.

नंतर तिच्या गावात तिचा सत्कार झाला. फलकावर तिचा फोटो, खाली 'यकृतदात्या भगिनी', आणि तिच्यापेक्षा मोठे फोटो ज्यांनी लिव्हर दिलं नव्हतं अशा मंडळींचे. ज्या गावात नारळ डोक्यात पडू नये म्हणून माणसं वर बघत चालतात, तिथे शाल आणि नारळ. मी तोंडाला मास्क लावून मागे पंख्याखाली बसलो होतो आणि मनात टिपणं काढत होतो. प्रमुख पाहुण्यांनी भाषणाच्या शेवटी आवाज चढवला: "या माऊलीच्या पुण्याईचं लिव्हर आहे ते! त्यात परत यायची कॅन्सरची हिंमत होणार नाही!" टाळ्या पडल्या. परतताना रिक्षात मी बायकोला नारळाची गंमत सांगितली, फलकाची सांगितली. पाहुण्यांचं ते वाक्य मला नुसतंच बोजड वाटलं होतं. त्यात केवढं ओझं होतं आणि ते कुणाच्या डोक्यावर ठेवलं होतं, हे मला दिसलं नाही. आयुष्यभर सभा-समारंभांची टर उडवून मी नजर कमावली होती म्हणे.

पुढची तपासणी जवळ आली तशी बहीण म्हणाली, "दादा, कौल लावू या."

आमच्याकडे कौल म्हणजे देवीला विचारणं. गुरव पाषाणाच्या दोन्ही खांद्यांवर दोन ओली फुलं चिकटवतो. प्रश्न विचारणाऱ्याने मनात धरायचा. उजवं फूल आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. कॉलेजात शिकवत असताना मी यावर व्याख्यान दिलं होतं. पाण्याचं प्रमाण, वाऱ्याची दिशा, गुरवाचा अंगठा. पण जिने लिव्हर दिलं तिला नाही कसं म्हणणार? गेलो.

देऊळ तिच्या घरामागच्या टेकडीवर आहे. दुपारी तिथे कुणी नसतं, म्हणून मलाही चालणार होतं; अंगात नवीन लिव्हर टिकावं म्हणून माझी प्रतिकारशक्ती गोळ्यांनी दाबून ठेवलेली आहे, गर्दी वर्ज्य. गुरवाने फुलं भिजवली, चिकटवली.

"ताई, परश्न मनात धरलाव का?"

"धरला."

"मंग आता बोलायचा न्हाय कोनी. सायेब, तुमी पन."

मी काही बोलणार नव्हतोच. मी उजव्या फुलाकडे बघत होतो. सुरुवातीला कुतूहल म्हणून बघत होतो, असं म्हणायला मला आवडलं असतं. डावं फूल जरासं सरकलं आणि मी पुढे वाकलो. पड, पड, मी उजव्याला मनात म्हणत होतो. व्याख्यान, वाऱ्याची दिशा, अंगठा, सगळं गेलं होतं. डॉक्टरांच्या कौलाला तीन फुलं होती आणि माझं मधलं अडकून बसलं होतं. इथे निदान दोनच होती.

उजवं पडलं.

"झाला काम! उजवा दिलान आईनं," गुरव म्हणाला.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते मास्कच्या कडेने आत गेलं म्हणून कुणाला दिसलं नाही. बहीण मात्र खांबाला धरून खाली बसली आणि पदराने तोंड झाकून रडायला लागली. मला वाटलं, माझ्यासाठी रडते. मला भरून आलं.

उतरताना मी म्हणालो, "चला, देवीने तरी फर्स्ट क्लास दिला मला. येत नाही म्हणते परत."

ती थांबली. "ते नव्हतं विचारलं मी."

"मग?"

"ते विचारायला भीती वाटली." मग पायरीकडे बघत म्हणाली, "आलाच परत, तर माझ्या लिव्हरमुळे आला असं तर नसेल ना? दोष माझा नाही ना? एवढंच विचारलं."

ती बोलत राहिली.

"सत्कारानंतर जाऊबाई म्हणाल्या, आता जप हो, भावाचं काही झालं तर लोक म्हणतील हिच्या पुण्याईत खोट होती. आणि तू पण म्हणतोस ना. माल सदोष. बंद पडली तर हिला धरा."

"अगं, ती थट्टा..."

"माहितीये रे थट्टा. हसते ना मी. पण तुझ्या पोटात दुखलं की मला झोप लागत नाही. मी काय खाल्लं होतं लहानपणापासून ते आठवत बसते. कावीळ झाली होती ना मला, तुला आठवतं? डॉक्टरांना सांगितली होती, पण त्यांनी नीट ऐकलं का, असं वाटत राहतं."

तिथे, त्या पायऱ्यांवर, मी तिला ते सांगितलं जे मला डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर आल्याबरोबर सांगता आलं असतं. की आला तर तो माझ्याच जुन्या लिव्हरचा असेल. निसटून बसलेला. तिच्या लिव्हरचा काही संबंध नाही, ते बिचारं फक्त नको त्या घरात नांदायला आलंय.

"म्हणजे आला तरी तो तुझाच?" तिने विचारलं.

"माझाच."

"हे तुला कधीपासून माहीत आहे?"

"पहिल्यापासून."

"मग बोलला का नाहीस?"

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिला खरंच कळत नव्हतं, म्हणून विचारत होती. आणि मला उत्तर माहीत होतं: मला वाटलंच नव्हतं की या सगळ्यात तिचंही काही पणाला लागलंय. अंदाज माझा, गुण माझे, रक्त माझं, भीती माझी. ती फक्त पिशवी धरून बसलेली. देवीसमोरसुद्धा मी तिच्या प्रश्नात स्वतःलाच बसवून टाकलं होतं, आणि तिच्या कौलावर स्वतःसाठी रडलो होतो.

तपासणीच्या दिवशी मी तिला हाताला धरून आत नेलं. एकालाच सोडतात असं परिचारिका म्हणाली. "आम्ही एकच आहोत," मी म्हणालो. हा त्यातल्या त्यात बरा विनोद असावा, कारण तिने सोडलं.

एएफपी वाढलेलं नव्हतं, सीटी स्वच्छ होता. "धोका गेला का?" मी विचारलं. "नाही. मध्यम तो मध्यमच. बघत राहायचं," डॉक्टर म्हणाले. मग मी त्यांना म्हटलं, ते निसटलेल्या पेशींचं हिला सांगा. त्यांनी कागदावर चित्र काढून सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "माझी कावीळ?"

"त्याचा काहीही संबंध नाही. सगळं तपासूनच घेतलंय आम्ही. तुमचं लिव्हर उत्तम आहे. दोन्हीकडचं."

तिने तो चित्राचा कागद मागून घेतला.

परतताना मांडव्याच्या लाँचमध्ये आम्हाला वरच्या मजल्यावर कठड्याजवळ जागा मिळाली. लाँच सुटली तसा तिने फोन काढला आणि जाऊबाईंना लावला. इंजिनाच्या आवाजावर मात करायची म्हणून ओरडून बोलत होती.

"ऐकताय ना? परत आला ना, तर त्याचाच असतो! हो, दादाचाच! जुना! माझा नाही! डॉक्टरांनी चित्र काढून दिलंय... नाही, अजून नाही आला, पण येऊ शकतो! मध्यम आहे!"

आसपासची माणसं वळून माझ्याकडे बघायला लागली. समोरच्या बाईंनी आपली पिशवी माझ्यापासून थोडी लांब सरकवली. एरवी मी बहिणीला कोपराने ढोसलं असतं, हळू बोल म्हणून.

जाऊबाईंना बहुधा नीट ऐकू आलं नव्हतं. तिने पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. मी तिचा कागद वाऱ्याने उडू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून बसलो.