चांदणी कुणाच्या डोक्यावर

टायपिस्टबाईंच्या टेबलावर दोन गठ्ठे असायचे. डावीकडे सरांचा, उजवीकडे ‘पलीकडच्यां’चा. सर गणितातले, वरच्या मजल्यावर बसून भूमिती करणारे. पलीकडचे भौतिकीतले, समुद्रापारच्या विद्यापीठात अणूच्या पोटातला कारभार बघणारे. दोघं मिळून अकरा वर्षं एकच पुस्तक लिहीत होते, आणि दोघांचंही अक्षर लागायचं ते एकट्या बाईंना.

“तुला त्यातलं कळतं तरी काय गं?” धाकटी बहीण फोनवर विचारायची.

“ओ की ठो नाही. पण पलीकडचे रागावले की पेन दाबून लिहितात, तेवढं कळतं.”

“धन्य आहे! घरात बोलायला माणूस नाही आणि बाईसाहेब कागदांचे राग ओळखतायत.”

बाई हसायच्या. फोन ठेवून कपभर पाणी चहाला टाकायच्या. एकच कप.

यंदा दोघांचं बिनसलं. चौथ्या प्रकरणाचं उत्तर सरांकडे अधिक येई, पलीकडच्यांकडे उणे. दोन महिने फोन बंद. उजवा गठ्ठा वाढेना.

सोमवारी पानं तपासताना बाई थबकल्या. कंसातल्या दोन अक्षरांपैकी एकावर दोघंही बारीकशी चांदणी काढत. सर दुसऱ्यावर, पलीकडचे पहिल्यावर. ज्याची त्याची खोड, म्हणून बाई इतकी वर्षं दिसेल तसं टाइप करत आल्या होत्या. पण चौथ्या प्रकरणात सरांनी पलीकडच्यांच्या तीन ओळी चांदणीसकट उचलून आपल्या हिशेबात घातल्या होत्या.

बाई गप्प बसल्या. सांगितलं की भांडण मिटणार, पुस्तक संपणार. मग या टेबलावर काय येणार? रजेचे अर्ज!

शुक्रवारी प्रस्तावना आली. ‘माझे मित्र’वर सरांनी काट मारून ‘सहलेखक’ लिहिलं होतं. बाई उठल्या आणि जिना चढल्या.

“सर, एक विचारू? हसायचं नाही.”

“विचारा की.”

“ही चांदणी तुम्ही दुसऱ्या अक्षरावर काढता, ते पहिल्यावर. मग या तीन ओळींत ती पहिल्यावर कशी?”

सरांनी त्या तीन ओळींवरून बोट फिरवलं. मग त्यांनी कपाळावर हात मारला. “अहो, भौतिकीवाल्यांची रीतच ती! माझ्या हिशेबात तशीच घातली की उणेचं अधिक होणारच! दर वर्षी वर्गात घसा फोडून सांगतो मी हे, आणि मीच... कधी लक्षात आलं तुमच्या?”

“सोमवारी.”

“आज शुक्रवार आहे, बाई!”

बाई चष्मा पुसत राहिल्या. सरांनी मात्र फोन ओढला होता. जिना उतरेपर्यंत मागून त्यांचं खो-खो हसणं ऐकू येत होतं.

थोड्या वेळाने सर स्वतः खाली आले. “पुढच्या महिन्यात ते इकडेच येतायत! शेजारी बसून, एकाच संगणकावर आम्हीच टाइप करून संपवतो. तुमची कटकट गेली बघा.”

“बरं झालं,” बाई म्हणाल्या.

सर गेल्यावर त्यांनी प्रस्तावना उघडली आणि कुणाला न विचारता ‘सहलेखक’ खोडून ‘माझे मित्र’ टाइप केलं. मग डावा गठ्ठा उचलून उजव्यावर ठेवला, कडा जुळवल्या. टेबल एकदम मोठं दिसायला लागलं.